सरकारी कानाचं मशीन: मशीन चांगलं, पण ती नळी!

सरकारी योजनेतून मिळालेलं कानामागचं डिजिटल मशीन वापरायला लागून बरेच महिने झाले. चॅनेल किती, प्रोग्रॅम किती हे कुठेही वाचायला मिळेल. मी लिहायला बसलोय कारण मशीनची शिट्टी पुन्हा सुरू झालीय.

मशीनची यात काही चूक नाही. फुकटातलं म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी आधी लावून पाहावं. सुरुवातीला सगळं कर्कश वाटतं. पेपरची पानं उलटली तरी दचकायला होतं. मेंदूला सवय व्हायला वेळ लागतो, तोवर ड्रॉवरमध्ये टाकू नका. समोर एकच माणूस बोलत असेल तर उत्तम. चारजण एकदम बोलू लागले की महागडी मशीनंही चाचपडतात. सेल 13 नंबरचे, नारिंगी स्टिकरवाले. स्टिकर काढून मिनिटभर हवा लागू द्यायची, मग घालायचे. रात्री स्टिकर परत चिकटवून सेल वाचत नाही, एकदा हवा आत गेली की तो उतरायलाच लागतो. माझ्यासारख्या चिकट माणसाला हे पचायला जड गेलं.

आता नळी. कानातल्या साच्यापासून मशीनच्या हुकपर्यंत जाणारी, बोटाएवढीही नसलेली प्लॅस्टिकची पारदर्शक नळी. घामाने आणि वापराने ती पिवळी पडते, कडक होते, आखडते. आखडली की साचा जागचा हलतो, फटीतून आवाज बाहेर निसटतो, माइक तोच पुन्हा उचलतो आणि शिट्टी वाजते. आवाज कमी केला की शिट्टी थांबते, पण मग ऐकूही येत नाही. ही नळी साधारण तीन ते सहा महिन्यांनी बदलायचीच असते. खात्यात हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी नळीसाठी नंबर लावायचा त्याच रांगेत, जिथे पहिल्यांदा कान तपासायला आलेले लोक बसलेत!

आणि रांग तरी एक कुठे असते? ऑडिओग्रामची, म्हणजे किती ऐकू येतं ते तपासायची तारीख वेगळी, साच्याचं माप घ्यायची वेगळी, मशीन हातात पडायची वेगळी. तारीख कळवतात फोनवर. नंबर आला की नाव पुकारतात, तेही मास्क लावून, पाठमोरं. बहिऱ्यांच्या विभागात! भिंतीवर आकड्यांचा एक बोर्ड लावला तर काय बिघडेल?

ब्रिटनमध्ये 1948 साली सरकारी आरोग्यसेवेने मेड्रेस्को नावाचं मशीन मोफत द्यायला सुरुवात केली, तेव्हाही प्रतीक्षायाद्या लागल्या होत्या. पण ते मशीनच नवं होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या अहवालाप्रमाणे ज्यांना मशीनचा उपयोग होईल अशांपैकी जेमतेम 17 टक्के लोक ते वापरतात. म्हणजे रांगेतला प्रत्येक नंबर मोलाचा, आणि त्यातला एक मी नळीसाठी अडवून बसलोय.

इथवर लिहून ठेवलं आणि माझा नंबर लागला, म्हणून पुढचं थोडं बदलतो. टेक्निशियन बाईंनी जुनी नळी उपटली, नवीचं टोक तिरकं कापून साच्यातून ओवली, आतल्या बाजूने ओढून घेतली आणि जास्तीचा तुकडा छाटला. मी चष्मा काढून पुसेपर्यंत काम खलास. साचा सैल झालाय, नवा लागेल अशी मला धास्ती होती. त्या म्हणाल्या, साचा ठणठणीत आहे. मग एवढ्याशा कामासाठी इतकं थांबवता का, असं विचारलं. तर म्हणे, रजिस्टरमध्ये दुरुस्तीचा रकानाच नाही, त्यामुळे जो येईल त्याची नव्या पेशंटसारखी चिठ्ठी काढावी लागते. दुपारी अर्धा तास नळ्यांसाठी ठेवू द्या, असं त्यांनीच वर लिहून दिलंय, उत्तर यायचंय. माझा राग त्या खोलीवरून उठून वरच्या मजल्यावर गेला.

मशीनला पाचपैकी चार. दुरुस्तीच्या व्यवस्थेला एक, तोही बाईंच्या हाताला. तुम्हाला मशीन मिळणार असेल तर सही करण्याआधी विचारून घ्या की नळी कोण बदलणार आणि त्यासाठी चिठ्ठी लागणार का. मिळत असेल तर हातपंपासारखा छोटा रबरी ब्लोअरही मागा, नळीत घामाचा थेंब अडकला की आवाजच बंद होतो. तोंडाने फुंकू नका, ओल वाढते. अर्जावर मोबाइल नंबरपुढे ‘फोन नको, मेसेज करा’ असं ठळक लिहा. मी लिहिलंय. पुढच्या तारखेसाठी परवा मिस्ड कॉल येऊन पडलाय.