जिंप: फक्त रंगांपुरतं बोलायचं तर

मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. रेषा अजूनही कागदावरच, रंग मात्र गेली सहा वर्षं जिंप या संगणकावर चित्रं रंगवायच्या प्रोग्राममध्ये. फोटोवरचे डाग काढणं, अक्षरं वळवणं वगैरेत मला फारशी गती नाही, म्हणून त्याबद्दल गप्प बसते. रंग निवडायचा, जपायचा आणि छापून येईपर्यंत हातातून निसटू द्यायचा नाही, एवढ्याच कामाचं हे परीक्षण.

सुरुवात फजितीपासून. पहिल्याच आठवड्यात एक जिफ फाइल उघडली, लाल घेतला, ब्रश फिरवला, तर उमटला मळकट तपकिरी. पुन्हा लाल घेतला. पुन्हा तपकिरी. निवडलेल्या रंगाच्या चौकोनात लाल दिसतोय आणि चित्रात काही उतरत नाही! अर्धा तास लेयर (चित्राचे एकावर एक ठेवलेले थर) आणि ब्रश यांच्यावर राग काढल्यावर कळलं की फाइल इंडेक्स्ड मोडमध्ये आहे. त्या मोडमध्ये चित्राकडे जास्तीत जास्त २५६ रंगांचा ठरलेला डबा असतो. तुमचा रंग डब्यात नसला तर त्याच्या जवळपासचा उचलला जातो. इमेज मेनूत मोड, तिथे आरजीबी (लाल, हिरवा, निळा मिसळून रंग करायची पद्धत), संपलं. ग्रेस्केल फाइलमध्ये तर काहीही घ्या, करडंच उमटणार. आता रंग हट्टाला पेटला की मी आधी खिडकीच्या वरच्या पट्टीवर मोड वाचते.

रोजच्या वापरात हात पटकन बसतो. पुढचा रंग आणि मागचा रंग असे दोन चौकोन, एक्स दाबलं की त्यांची अदलाबदल, डी दाबलं की काळा-पांढरा. ब्रश हातात असताना कंट्रोल धरून चित्रावर टिचकी मारली की तिथला रंग उचलला जातो. मी दिवसातून शेकडो वेळा हेच करते. पण जलरंगाचं चित्र स्कॅन केलेलं असेल तर सावध. कागदाचा खरबरीतपणा स्कॅनमध्ये येतो आणि शेजारशेजारचे दोन पिक्सेलही एका रंगाचे नसतात. मी एकदा आभाळाचा निळा उचलला आणि हाती आला जांभळट राखाडी, कारण टोक नेमकं कागदाच्या खड्ड्यात पडलं होतं. रंग उचलण्याच्या साधनात सरासरी घेण्याची खूण असते, तिथली त्रिज्या वाढवली की आजूबाजूच्या पिक्सेलांचा मेळ घालून रंग मिळतो. दुसरी खूण सगळे लेयर मिळून दिसणारा रंग घेण्याची. ती नसेल तर तुम्ही ज्या लेयरवर आहात तेवढाच वाचला जातो, आणि मग डोळ्यांना दिसतं एक, हाती येतं दुसरंच.

आता ज्यासाठी मी जिंप सोडणार नाही ते. रंग निवडायच्या खिडकीत रंग आकड्यांत मांडायच्या एचएसव्ही या पद्धतीच्या जागी एलसीएच निवडता येतं: एल म्हणजे उजळपणा, सी म्हणजे भडकपणा, एच म्हणजे रंगछटा. एचएसव्हीत पिवळा आणि निळा दोघांचीही तेजस्विता १००. डोळे मिटून विश्वास ठेवला तर दोन्ही सारखेच उजळ. प्रत्यक्षात पिवळ्यावर काळी अक्षरं ठसठशीत दिसतात आणि निळ्यावर बुडतात. एलसीएचमध्ये त्याच शुद्ध पिवळ्याचा उजळपणा ९७ च्या आसपास आणि निळ्याचा जेमतेम ३० च्या आसपास दिसतो. डोळ्यांना जे जाणवतं तेच आकड्यात. मला हे कळलं त्या दिवशी वीस पानांच्या पुस्तकातली सगळी पार्श्वभूमी पुन्हा केली. एल ७० वर ठेवायचा, सी बेताचा आणि फक्त एच फिरवत जायचं. अबोली, पोपटी, आकाशी, फिका जांभळा, सगळे एका घरातले वाटतात, कुणी कुणाच्या डोक्यावर बसत नाही. सी फार ताणला तर मात्र पडद्याला तो रंग दाखवताच येत नाही आणि भलताच तडजोडीचा रंग मिळतो.

असे रंग सापडले की पॅलेटमध्ये ठेवायचे. चित्रातूनच पॅलेट काढता येतं, किती रंग हवेत ते सांगितलं की झालं. पण मला जास्त आवडते ती त्याची फाइल. जीपीएल नावाची साधी मजकुराची फाइल आहे. प्रत्येक ओळीत लाल, हिरवा, निळा यांचे तीन आकडे आणि पुढे नाव. नोटपॅडमध्ये उघडून मी सगळी नावं मराठीत लिहिली. विटकरी, शेवाळी, मोरपंखी, आमसुली, चिंतामणी. ‘ब्लू ३’ आणि ‘ब्लू ३ नवा’ यांच्यातला घोळ एका संध्याकाळी मिटला.

छपाईकडे आले की सूर थोडा बदलतो. जिंप मुळात आरजीबीत काम करतं. मार्च २०२५ मध्ये आलेल्या ३.० पासून काही फाइल-प्रकारांत सीएमवायके (छपाईच्या चार शायांची पद्धत) निर्यात होते, पण चित्र रंगवताना सरळ चार शाई हाताळायच्या असतील तर हे साधन नव्हे. माझं एक मुखपृष्ठ यापायीच बिघडलं. पडद्यावर झगझगीत राणी रंग, छापून आलं ते धुतलेल्या कापडासारखं. छापणाऱ्यांशी वाद घातला. चूक माझी होती, तो रंग त्या शाईत होतच नव्हता. आता छापखान्याकडून प्रोफाइल (त्यांच्या छपाईत रंग कसे येतात ते सांगणारी फाइल) मागून घेते आणि व्ह्यू मेनूतल्या कलर मॅनेजमेंटमध्ये प्रूफ, म्हणजे छापल्यावर कसं दिसेल त्याची झलक, चालू करून बघते. शाईत न बसणारे रंग वेगळे दाखवायची सोयही तिथेच आहे. पहिल्यांदा लावली तेव्हा अर्धं चित्र खुणांनी भरलं, जरा रडूच आलं.

प्रोफाइलच्या बाबतीत आणखी एक खाच आहे, नव्या माणसानं तिच्यात पडू नये. प्रोफाइल ‘असाइन’ करणं आणि ‘कन्व्हर्ट’ करणं शेजारी शेजारी लिहिलेलं असतं. असाइन केलं की आकडे तेच राहतात आणि दिसणं बदलतं. कन्व्हर्ट केलं की दिसणं शक्यतो तेच ठेवून आकडे बदलतात. बहुतेक वेळा तुम्हाला कन्व्हर्टच हवं असतं.

तक्रारी? रंगांची कामं चार ठिकाणी विखुरलेली आहेत. निवड एका खिडकीत, पॅलेट दुसऱ्या पटलात, प्रोफाइल इमेज मेनूत, प्रूफ व्ह्यूत. मी पॅलेट आणि रंगपटल एकत्र चिकटवून ठेवलंय, बाकीचं अजून शोधत फिरते. ज्यांना फक्त दोन फोटो उजळ करायचेत त्यांनी एवढ्या भानगडीत पडू नये. रंगांशी रोजचा संसार असेल तर घ्या, फुकट आहे.

आणि हो, माझ्या पॅलेटमध्ये सध्या राणी रंगाच्या दोन ओळी आहेत: ‘राणी, पडद्यासाठी’ आणि ‘राणी, शाईसाठी’. दुसरी जरा फिकी आहे, पण छापून तशीच येते.