पावडरच्या दुधावरचं बाळ आणि अंगावर चट्टे: आधी डबा बदलायचा की आधी त्वचा सांभाळायची?

चार-पाच महिन्यांचं बाळ वरच्या दुधावर आहे. गाल लाल, खरखरीत, कोपरांवर आणि पायांवरही तसेच चट्टे, आणि खाजेमुळे रात्रभर डोकं गादीवर घासणं. अशा वेळी घरात दोन मतं पडतात. एकाचं म्हणणं, दूधच बाधतंय, डबा बदला. दुसऱ्याचं म्हणणं, अंग कोरडं पडलंय, मलम लावा. दोन्हींत तथ्य आहे, पण प्रत्येक बाळाच्या बाबतीत दोन्ही सारखी लागू होत नाहीत.

माझं मत आधीच सांगते. बाळ नीट पितंय, वजन वाढतंय, शी-उलटीची तक्रार नाही आणि फक्त त्वचाच बिघडली आहे, तर आधी त्वचेचे उपचार दोन-तीन आठवडे मनापासून आणि पुरेसे करा. इसब (एक्झिमा, म्हणजे असे कोरडे, खाजरे चट्टे) असलेल्या बहुतेक बाळांना, विशेषतः ज्यांचा त्रास सौम्य आहे त्यांना, दुधाची अ‍ॅलर्जी नसते. पण त्वचेसोबत शीमध्ये रक्त किंवा चिकट आव, सतत उलट्या, दूध तोंडाला लावताच रडणं, वजन न वाढणं यातलं काही असेल, किंवा नीट उपचार करूनही इसब हटत नसेल, तर दुधाकडे वळायलाच हवं.

अ‍ॅलर्जीचे दोन प्रकार लक्षात ठेवा, कारण पुढचे निर्णय त्यावर ठरतात. एकात दूध प्यायल्यावर काही मिनिटांत, फार तर दोन तासांत, अंगावर गांधी उठतात, ओठ-डोळे सुजतात, उलटी होते. दुसऱ्यात परिणाम काही तासांनी, कधी दोन-तीन दिवसांनी दिसतो, म्हणून कारण पकडणं अवघड जातं. श्वास घेताना घरघर, आवाज बसणं, किंवा बाळ पांढरंफटक आणि गळून पडलेलं दिसलं तर घरी काही करून बघू नका. सरळ १०८ला फोन करा.

आता त्वचेची बाजू. यात सर्वांत मोठी चूक प्रमाणात होते. मेडिकल स्टोअरमधून आणलेली ५० ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरवली जाते. ब्रिटनच्या 'नाईस' या संस्थेच्या मार्गदर्शनात इसब असलेल्या मुलांसाठी आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम मॉइश्चरायझर असं प्रमाण आहे. तान्ह्या बाळाचं अंग लहान, म्हणून त्यातली खालची बाजू धरा, तरी ती ट्यूब दोन दिवसांत संपायला हवी. महागडं, सुवासिक काही लागत नाही. साधं, वास नसलेलं, मोठ्या डब्यातलं मलम चालतं. डिसेंबर-जानेवारीच्या आपल्या नागपूरच्या कोरड्या थंडीत घट्ट, तेलकट मलम बरं. एप्रिलपासून मे अखेरच्या नवतप्यापर्यंत पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा तेच मलम घामासोबत घामोळं उठवतं, म्हणून तेव्हा हलकी क्रीम घ्या आणि ती जास्त वेळा लावा. अंघोळ कोमट पाण्याने, पाच-दहा मिनिटांची, साबणाऐवजी सौम्य क्लीन्झरने, आणि अंग टिपल्याबरोबर लगेच मलम.

मालीशवाल्या बाईंशी एकदा शांतपणे बोलावं लागेल. बेसन-मलईचं उटणं चोळून चट्टे जात नाहीत, उलट सोलवटतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे फुटलेल्या त्वचेतून खाद्यपदार्थांतली प्रथिनं शरीरात शिरली की त्यांचीच अ‍ॅलर्जी जडू शकते. ज्या बाळाला दुधाची शंका आहे त्याच्या अंगावर मलई चोळणं तर नकोच. मोहरीचं तेलही टाळा, ते झोंबतं.

लाल, सुजलेल्या चट्ट्यांवर डॉक्टर सौम्य स्टेरॉइड देतात, बाळांसाठी बहुधा १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन. नाव ऐकून घाबरून ते अर्धवट लावलं तर त्रासच लांबतो. सांगितलेल्या दिवसांपुरतं, सांगितलेल्या जागी ते सुरक्षित आहे. मात्र स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक एकत्र असलेली क्रीम चिठ्ठीशिवाय घेऊन बाळाला लावू नका. चट्ट्यांवर अचानक दुखरे फोड आणि सोबत ताप आला तर त्याच दिवशी दाखवा.

आता डबा. दोन वर्षांखालील बाळांच्या दुधाच्या जाहिरातीला आपल्याकडे १९९२च्या कायद्याने बंदी आहे, आणि ती योग्यच आहे, म्हणून मी नावं देत नाही. डब्यावरचं वर्णन वाचा.

'एचए' किंवा अंशतः हायड्रोलाइज्ड, म्हणजे प्रथिनं थोडीच तोडलेल्या, दुधाचा अ‍ॅलर्जीवर उपचार म्हणून उपयोग नाही, त्यातल्या प्रथिनांचे तुकडे पुरेसे लहान नसतात. लॅक्टोज-फ्री दूध ही सर्वांत जास्त होणारी गल्लत: लॅक्टोज ही साखर आहे, अ‍ॅलर्जी प्रथिनाची असते, आणि ते प्रथिन त्या डब्यात तसंच असतं. शेळीचं दूध आपल्याकडे हमखास सुचवलं जातं. गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या दहापैकी नऊहून अधिक बाळांना तेही बाधतं, म्हशीचंही जवळपास तसंच. बदाम, नारळ, तांदूळ यांची 'दुधं' तान्ह्या बाळाचं मुख्य अन्न होऊच शकत नाहीत.

खरी निवड उरते तिघांत. पहिलं, जास्त हायड्रोलाइज्ड, म्हणजे 'एक्स्टेन्सिव्हली हायड्रोलाइज्ड'. माळ तोडून दोन-चार मण्यांचे तुकडे करावेत तशी यातली प्रथिनं बारीक तोडलेली असतात, आणि अ‍ॅलर्जी असलेल्या सुमारे ९० टक्के बाळांना हे सोसतं. चव कडवट, वास उग्र, आणि शी हिरवट होते, त्याने दचकू नका. दुसरं, अमिनो अ‍ॅसिडचं दूध, यात माळेचे मणीच सुटे असतात. ते तीव्र प्रतिक्रिया आलेल्या, वजन थांबलेल्या किंवा पहिल्याने बरं न वाटलेल्या बाळांसाठी. तिसरं सोयाचं. ते स्वस्त आणि सहज मिळणारं, पण सहा महिन्यांआधी साधारणपणे देत नाहीत आणि काही बाळांना सोयाही बाधतो. सहा महिन्यांनंतर खर्च झेपत नसेल तर डॉक्टरांना हा पर्याय मोकळेपणाने विचारा, त्यात कमीपणा नाही.

खर्चाचा हिशेब आधी मांडाच. ४०० ग्रॅमच्या डब्यातून साधारण तीन लिटर दूध होतं. सहा किलोचं बाळ दिवसाला अंदाजे ९०० मिली पितं, म्हणजे डबा तीन-सव्वातीन दिवस पुरतो आणि महिन्याला नऊ डबे लागतात. खास दुधाचा डबा साध्याच्या कितीतरी पट महाग असतो. पैसे वाचवायला पावडर कमी घालून दूध पातळ करणं बाळासाठी धोक्याचं आहे. सीताबर्डी-धंतोलीतल्या प्रत्येक दुकानात हे डबे नेहमीच असतील असं नाही, म्हणून सुरू करण्याआधी महिन्याचा साठा मिळेल का ते दुकानदाराला विचारून घ्या.

दूध बदललं तर ते चाचणी म्हणून बदला. दोन ते चार आठवडे काटेकोर, मध्ये बिस्किटाचा तुकडाही नाही, आणि या काळात मलमाचं रूटीन तेच ठेवा, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही. मग डॉक्टरांशी बोलून जुनं दूध परत द्या. बहुतेक घरं इथे थांबतात: बाळ बरं झालं, आता कशाला छेडायचं? पण इसब आपोआपही कमी-जास्त होतो. परत दिल्यावर त्रास उलटला तरच अ‍ॅलर्जी ठरते. नाही उलटला तर वर्षभराचा तो खर्च आणि ते पथ्य विनाकारण झालं असतं. शिवाय विनाकारण दूध बंद ठेवलं तर इसब असलेल्या काही बाळांना ते पुन्हा सुरू करताना तात्काळ प्रकारची प्रतिक्रिया येऊ शकते. लगेच उमटणारी लक्षणं आधी दिसली असतील तर ही परत देण्याची पायरी घरी करायचीच नाही, ती रुग्णालयात देखरेखीखाली. नागपुरात मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), मेयो रुग्णालय किंवा मिहानमधल्या एम्सच्या बालरोग विभागात हे विचारता येईल.

रक्ततपासणीचा उपयोग लगेच उमटणाऱ्या प्रकारात होतो. उशिराच्या प्रकारासाठी तशी तपासणीच नाही. पन्नास पदार्थांचं मोठं पॅनेल करून भलत्याच गोष्टी बंद होतात.

अ‍ॅलर्जी ठरलीच तर किमान सहा महिने, किंवा बाळ नऊ ते बारा महिन्यांचं होईपर्यंत, दूध टाळून मग डॉक्टरांच्या सल्ल्याने पुन्हा बघतात. बहुतेक मुलांची ही अ‍ॅलर्जी तीन ते पाच वर्षांपर्यंत जाते. सहाव्या महिन्यात वरचं खाणं सुरू करताना नाचणी, मूगडाळ, भात, भाज्या निर्धास्त द्या. डब्यातल्या तयार सिरियल्समध्ये बहुधा दूध पावडर असते, लेबलवर 'व्हे' आणि 'केसिनेट' ही दुधाच्या प्रथिनांची नावं शोधा, तुपातही दुधाचा अंश राहतो. अंडं आणि शेंगदाणा 'उष्ण पडेल' म्हणून लांबवू नका. इसब जास्त असेल तर पहिला घास डॉक्टरांना विचारून, आणि शेंगदाणा कुटून पातळ करूनच.