मे महिन्यातल्या दोन रात्री: हॅवलॉक की नील?

१ मेला जोडून शनिवार-रविवार आला की ओळखीतल्या कोणाचा तरी फोन येतोच. अंदमानचं विमान ठरलेलं असतं, सेल्युलर जेल आणि सावरकरांची कोठडी बघायचं ठरलेलं असतं. प्रश्न पुढच्या दोन रात्रींचा असतो: हॅवलॉकला जाऊ की नीलला? २०१८ च्या अखेरीस या बेटांची नावं स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप झाली, तिकिटावरही तीच दिसतील. पण जेट्टीवर आणि हॉटेलात अजून जुनीच नावं ऐकू येतात, म्हणून इथेही तीच वापरतो.

मी दोन्हीकडे राहिलोय, वेगवेगळ्या वर्षी. दोन्ही वेळा मे महिन्याचा पहिला आठवडा, दोन्ही वेळा दोनच रात्री, आणि सोबत बायको, मुलगी आणि आई. त्यामुळे जे लिहितोय ते आमच्यासारख्या घरांना जास्त लागू पडेल. चार मित्र मिळून जाणार असतील तर त्यांचं उत्तर वेगळं येऊ शकतं.

टूरवाले बहुधा एक रात्र इथे, एक रात्र तिथे असं गळ्यात मारतात. ते शक्यतो करू नका. हॅवलॉक ते नील बोट तासाभरात पोचते हे खरं. पण खोली सोडायची, तासभर आधी जेट्टीवर यायचं, ओळखपत्रं दाखवायची, सामान चढवायचं, उतरवायचं, पुन्हा नव्या खोलीची वाट बघायची, यात अर्धा दिवस जातो. हाती दोनच दिवस असताना त्यातला अर्धा देणं परवडत नाही.

आणि तिथला दिवस आपल्या दिवसासारखा नाही. घड्याळ मुंबईचंच, पण सूर्य पार पूर्वेचा. मे महिन्यात पाचच्या आसपास सूर्य वर आलेला असतो आणि संध्याकाळी साडेपाचला बुडायला लागतो. मुंबईत त्याच दिवसांत सात वाजले तरी उजेड असतो. त्यात सकाळी दहा ते दुपारी तीन वाळूवर पाय ठेववत नाही, हवा इतकी दमट की सावलीतही घाम थांबत नाही. म्हणजे खरा दिवस दोन तुकड्यांचा: पहाटे साडेचार ते नऊ, आणि तीन ते साडेपाच. बेट निवडताना हे दोन तुकडे कुठे कमी वाया जातील, एवढंच बघायचं. आम्ही पहिल्या खेपेला ते बघितलं नव्हतं.

हॅवलॉकचा मोठेपणा मान्य करायलाच हवा. राधानगरसारखी पुळण मी दुसरी पाहिलेली नाही. मऊ, पीठ चाळून पसरावं तशी वाळू, मागे उंच जंगल, आणि हळूहळू खोल होत जाणारं पाणी. पोहायला त्याच्या जवळपास जाणारं नीलवर काही नाही. २००४ साली ‘टाइम’ मासिकाने आशियातला सर्वोत्तम समुद्रकिनारा म्हणून याचं नाव घेतलं होतं, आणि तिथे उभं राहिल्यावर त्यात अतिशयोक्ती वाटत नाही.

दुसरी गोष्ट स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी लावून पाण्याखाली जाणं. शिकवणाऱ्या संस्था हॅवलॉकवर जास्त, त्यामुळे निवडीला वाव आहे. पोहता न येणाऱ्यालाही इन्स्ट्रक्टर धरून खाली नेतो. मला पहिली पाच मिनिटं कान दुखले, नाक दाबून हवा सोडल्यावर मोकळे झाले. मग करकर असा आवाज यायला लागला, कोणी खडीसाखर चावतंय तसा. माझ्या हातभर अंतरावर एक हिरवानिळा पोपटमासा चोचीसारख्या दातांनी प्रवाळ खरवडत होता. पाण्याखाली तो आवाज इतका स्पष्ट येतो हे मला ठाऊकच नव्हतं. प्रवाळ मात्र जाहिरातीतल्या रंगांचे असतील अशी अपेक्षा ठेवू नका. २००४ च्या त्सुनामीने आणि नंतर तापलेल्या पाण्याने, विशेषतः २०१० साली, इथल्या प्रवाळांचं फार नुकसान केलंय. बराच भाग राखाडी आहे. मासे मात्र भरपूर. आणि एक लक्षात ठेवा: डाइव्ह केल्यावर विमानात बसण्याआधी किमान १८ तास जाऊ द्यायला सांगतात, म्हणून डाइव्ह पहिल्याच सकाळी उरकलेली बरी.

एलिफंट बीचबद्दल फार लिहीत नाही. बोटीने जायचं, स्नॉर्केलिंग करायचं (तोंडात नळी धरून वरूनच पाण्याखालचं बघायचं), गर्दीतून परत यायचं. मुलीला आवडला.

आता ज्या गोष्टीने माझ्यापुरता निकाल लागला ती. हॅवलॉकची जेट्टी आणि बहुतेक हॉटेलं एका अंगाला, राधानगर दुसऱ्या अंगाला, जेट्टीपासून साधारण बारा किलोमीटर. आईला स्कूटरवर बसवणं शक्य नव्हतं, म्हणून गाडी ठरवली. चारला पोचलो. ऊन उतरायला लागलं तसं पाणी सोनेरी झालं. आई वाहून आलेल्या एका ओंडक्यावर बसली होती, मुलगी घोटाभर पाण्यात. सव्वापाचला फोन वाजला. गाडीवाला म्हणाला, निघा, जेट्टीवर पुढचं गिऱ्हाईक थांबलंय. पाच मिनिटांनी पुन्हा फोन. तेवढ्यात किनाऱ्यावरच्या जीवरक्षकांनी शिट्ट्या मारून सगळ्यांना पाण्याबाहेर काढायला सुरुवात केली. त्यांचं काम त्यांनी केलं, त्यात चूक काही नाही. पण सूर्य पाण्याला टेकला तेव्हा आम्ही ओल्या पायांत चपला कोंबत पार्किंगकडे चाललो होतो. आईने दोनदा मागे वळून बघितलं. गाडीवाल्याचाही राग येत नाही, त्याचा धंदा या थोड्या महिन्यांचाच. पण दुसऱ्या दिवशीही तेच: जाताना गाडीची वाट बघा, येताना फोनकडे बघा. दोन दिवसांच्या चार तुकड्यांतले दोन आम्ही दुसऱ्याच्या घड्याळावर घालवले. राधानगरला लागून राहायची सोय आहे, पण ती थोडी आणि महाग. खिसा तयार असेल तर माझी ही तक्रार तुमच्यापुरती निकालात निघते.

नीलवर ही कटकटच नाही. बेट एवढं लहान की बहुतेक ठिकाणं पायी किंवा सायकलने होतात. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांनी वसवलेल्या या गावांची नावं रामायणातली: सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर. पहाटे सीतापूरला सूर्योदय, साडेआठला परत येऊन नाश्ता, तीनपर्यंत झोप.

पहिल्या दुपारी नॅचरल ब्रिजला गेलो. खडकाची ती मोठी कमान, तिला तिथले लोक हावडा ब्रिज म्हणतात. तिच्यापर्यंत नीट जायचं तर ओहोटीच हवी. पौर्णिमा आदल्या दिवशीच झाली होती, चारच्या सुमारास पाणी पार मागे गेलं आणि खडकांत डबकी उघडी पडली. गावातला एक मुलगा वाट दाखवायला सोबत होता. एका परातीएवढ्या डबक्यात काळी, वीतभर समुद्रकाकडी (काकडीच्या आकाराचा समुद्री जीव) पडली होती, बाजूला दोन निळे मासे घिरट्या घालत होते, आणि खडकात रुतलेला एक शिंपला सावली पडताच मिटत होता. मुलगी अर्धा तास तिथून हलली नाही. तिला एक रिकामा शंख घरी न्यायचा होता. तो मुलगा म्हणाला, नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात. तिने तो जागच्या जागी ठेवला.

दुसऱ्या संध्याकाळी लक्ष्मणपूर. सूर्य बुडाला आणि कोणाचाही फोन आला नाही. अंधारायला लागल्यावर झाडांच्या मुळांतून शंख पाठीवर घेतलेले खेकडे बाहेर पडू लागले, आधी दोन-तीन, मग वाळूभर. आकाश जांभळं होऊन विझेपर्यंत आई बसून होती. मग टॉर्च लावून पंधरा मिनिटांत चालत खोलीवर आलो.

जेवणाचंही सांगतो, कारण आई शाकाहारी. नीलवर भाजीपाला भरपूर पिकतो, तो पोर्ट ब्लेअरलाही (२०२४ पासून अधिकृत नाव श्री विजयपुरम) जातो. नील केंद्राच्या बाजारात तिला रोज ताजी भाजी मिळाली, आम्हाला मोहरी लावलेलं मासळीचं कालवण.

नीलच्या उण्या बाजू आहेतच. भरतपूरला पाण्यातल्या स्कूटरींचा गोंगाट असतो. लक्ष्मणपूरला ओहोटीत पोहता येत नाही, पायाखाली प्रवाळ लागतात. स्कूबा होतं, पण पर्याय कमी. दिवसभर पाण्यातच राहायचं असेल, किंवा डाइव्हिंगसाठीच जात असाल, तर हॅवलॉक घ्या, मी अडवणार नाही. घरात एक म्हातारं माणूस आणि एक लहान मूल असेल तर मात्र मी पुन्हा नीलच घेईन.

बेट कुठलंही घ्या, मेचा पहिला पंधरवडा गाठा. वीस तारखेच्या आसपास, कधी त्याआधीही, मोसमी पाऊस अंदमानला पोचतो, समुद्र खवळतो आणि बोटी रद्द होतात. म्हणून विमानाच्या आदली रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढा. रोख पैसे जवळ ठेवा. नीलचं ठरलं तर तारखा पक्क्या करण्याआधी ओहोटीच्या वेळा बघून घ्या, आणि बॅगेत जाड तळव्याचे जुने बूट आणि एक टॉर्च टाका. बूट हावडा ब्रिजच्या धारदार खडकांवर लागतात, टॉर्च लक्ष्मणपूरहून परतताना.