डीजीपीवर (राज्याच्या पोलीस महासंचालकावर) दबाव कुठे जास्त: निवडून आलेलं सरकार की राष्ट्रपती राजवट?

फोंड्याच्या भाचीचा प्रोजेक्ट याच प्रश्नावर अडलाय, म्हणून पंजाब घेऊया, कारण मूळचे गोंयकार ज्युलिओ रिबेरो 1986 ला तिथे डीजीपी झाले नि दोन्ही राजवटी त्यांनी बघितल्या.

हस्तक्षेप: मुख्यमंत्री बर्नालांच्या अकाली दल सरकारला आमदार सांभाळायचे होते, 30 एप्रिल 1986 ला दहशतवाद्यांना हटवायला सुवर्णमंदिरात फोर्स गेली आणि सत्ताधारी अकाली दलच फुटलं, मग पुढच्या प्रत्येक कारवाईआधी पोलिसांनाही राजकारण मोजावं लागणारच ना. मे 1987 ला राष्ट्रपती राजवट आल्यावर आमदारांचं ओझं गेलं पण दोरी दिल्लीच्या हातात.

जाब: निदान विधानसभेत विचारता येतो, राष्ट्रपती राजवटीत लोकांनी जायचं कुठे? मला हेच सगळ्यात जास्त खुपतं.

खुर्ची: दोन्हीकडे कच्चीच, डीजीपीला पदावर किमान दोन वर्षांची हमी सुप्रीम कोर्टाने 2006 ला, म्हणजे खूप नंतर, पोलीस सुधारणांच्या प्रकाश सिंह केसमध्ये सांगितली.

झटपट कारवाईच हवी तर राष्ट्रपती राजवट, लोकांचा विश्वास परत मिळवायचा तर निवडून आलेलं सरकारच.