उट्रेख्तला जाताय? सायकल घ्यावी की बस-ट्राम

आमच्या जळगावच्या कॉलनीतून दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी लेकाकडे नाहीतर लेकीकडे नेदरलँड्सला निघतंच. निघण्याआधी चहाला येतात. कळण्याचं पीठ सोबत नेऊ का, हे विचारून झालं की पुढचा प्रश्न ठरलेला : तिकडे फिरायचं कशानं? आम्ही दोघं उट्रेख्तला दीड महिना होतो आणि दोन्ही करून पाहिलं. मुलगी-जावई कामावर गेले की दिवस आमचाच. त्यामुळे हे साठीच्या आसपासच्या माणसाचं मत आहे, एवढं धरून चाला.

बस-ट्रामला नावं ठेवायला मुळात जागा नाही. स्वच्छ, वेळेवर, आणि आमच्या वेळी तरी बहुतेकदा बसायला जागा. स्टेशनवरून विद्यापीठाच्या बाजूला जाणारी ट्राम तर पाण्यासारखी जाते. पाऊस असेल किंवा गुडघा बोलत असेल, तर बसच बरी. तिकीट काढायची भानगड नाही. आपलं बँकेचं कार्ड चढताना यंत्राला टेकवायचं, उतरताना पुन्हा टेकवायचं. अंतराप्रमाणे पैसे आपोआप कापले जातात.

माझं घोडं अडलं ते या दुसऱ्या टेकवण्यावर. एका कार्डावर एकच माणूस, म्हणून नवरा-बायकोला दोन कार्डं लागतात. माझ्याकडे एक डेबिट, एक फॉरेक्स, दोन्ही एकाच पाकिटात. नोडे चौकात उतरायचं होतं. दार उघडलं, मागे माणसं उभी, घाईत मी चढतानाचं सोडून दुसरंच कार्ड टेकवलं. यंत्रानं पीप केलं, मी खुशीत उतरलो. रात्री जावयानं मोबाइलवर पाहिलं तेव्हा कळलं की पहिल्या कार्डाचा प्रवास अर्धवट राहिला आणि दुसऱ्यावर नवाच सुरू झाला. दोन्हीकडून जास्तीचे पैसे गेले. तक्रार करून परत मिळतात म्हणे. जावयानं ते ऑनलाइन केलंही. पण त्या दिवसापासून बसमध्ये बसलो की हात खिशात आणि नजर यंत्रावर. बाहेर कालवा गेला काय नि चर्च गेलं काय. बायको म्हणाली, "तुम्ही गाव बघायला आलात की कार्ड सांभाळायला?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सायकलीचे त्रासही आहेतच. भाडं दुकानागणिक वेगळं, आठवड्याची घेतली तर स्वस्त पडते. वर अनामत द्यावी लागते. लहानपणी आपण वहीत नाव लिहून तासावर सायकल घ्यायचो, तेवढं सोपं नाही. खरी गोम ब्रेकची. तिथल्या साध्या सायकलींना पायडल उलटं दाबलं की ब्रेक लागतो. आपल्याला सिग्नलजवळ पायडल उलटं फिरवून वर आणायची खोड. मी तसं केलं नि सायकल जागच्या जागी गचकन थांबली. मागून येणारी कॉलेजची पोरगी घंटी वाजवून, काहीतरी डच बोलून, बाजूनं निघून गेली. म्हणून हँडब्रेकची मागा, थोडे जास्त पडले तरी. सीटही खाली करून घ्या, तिथली माणसं ताडासारखी उंच.

दोन गोष्टी आधीच डोक्यात बसवा. चालायचं उजवीकडून. आणि रस्त्यावर पांढऱ्या त्रिकोणांची ओळ टोकं आपल्याकडे करून दिसली की थांबून आडव्या रस्त्यानं येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. डच लोक त्यांना शार्कचे दात म्हणतात. मोबाइल हातात धरून सायकल चालवायला 2019 पासून बंदी आहे, तेव्हा नकाशा बघायचा तर कडेला थांबून. वारा समोरून आला की दम निघतो, पण मे महिन्यातली आपली झळ सोसलेल्याला तो वारा म्हणजे कूलर.

बाकी सगळं सोपं. तांबड्या रंगाची वेगळी वाट, गाव आपल्या तापीकाठासारखं सपाट, चढ लागला तर पुलाचाच. त्यातला एक पूल मुद्दाम बघा. डाफ्ने स्खिपर्स नावाचा, 2017 चा. त्याची चढण चक्क एका शाळेच्या छतावरून वळसा घेत कालव्यावर जाते. खाली पोरांची शाळा, वर आपण. मध्यावर उभं राहून आम्ही मालवाहू बोटी मोजत बसलो. उतरायचं कुठे, कार्ड कुठलं, काही नाही. आमेलिसवेर्डच्या झाडीत तर दुपार कधी गेली कळलं नाही.

स्टेशनखालचा सायकलतळ साडेबारा हजार सायकलींचा, पहिले चोवीस तास फुकट. फक्त आपली रांग लिहून ठेवा. आम्ही लिहिली नव्हती, पाऊण तास गेला.

गुडघे दुखत असतील, दोन-चार दिवसांसाठीच जात असाल, तर बस-ट्रामनं काही बिघडत नाही. फक्त कार्डं दोन वेगळ्या खिशांत ठेवा. पण आठवडाभर राहणार असाल तर मी तरी सायकलच घेईन. आणि दुकानात आधी वहिनींना चालवू द्या. आमच्या हिनं भुसावळला कॉलेज सुटल्यापासून सायकलीला हात लावला नव्हता. त्यामुळे मोडायला जुनी खोडच नव्हती, तो उलटा ब्रेक तिला दहा मिनिटांत जमला. मला तीन दिवस लागले.