डेडवुड की लीड? ब्लॅक हिल्समध्ये मुक्काम कुठे टाकावा

माउंट रशमोरच्या कड्यात कोरलेले चार अमेरिकी अध्यक्ष बघायला अर्धा दिवस पुरतो. मिनियापोलिसहून किंवा डेन्व्हरहून एवढी गाडी हाणत आल्यावर उरलेल्या दिवसांचं काय, हा प्रश्न साउथ डकोटाला निघालेल्या प्रत्येक घरात पडतो. साधारण तासाभराच्या अंतरावर, याच ब्लॅक हिल्स डोंगराच्या एकाच घळीत डेडवुड आणि लीड ही दोन गावं आहेत, एकमेकांपासून जेमतेम तीन मैलांवर. दोन्ही सोन्यामुळे वसली, दोन्हींचा जन्म 1876 चा. पण स्वभाव इतके वेगळे की कुठे उतरताय यावर सहलीचा सगळा रंग ठरतो. गोल्फची बॅग गाडीत असेल, संध्याकाळी बरं जेवायचं असेल आणि रात्री थोडी करमणूकही हवी असेल, तर दोन्हींचा हिशेब नीट मांडलेला बरा.

आधी थोडा इतिहास, कारण इथे तिकीट त्याचंच आहे. 1868 च्या फोर्ट लॅरमी तहाने ही सगळी टेकाडं लाकोटा या इथल्या मूळ रहिवाशांची होती. सोन्याचा वास लागल्यावर तह बासनात गुंडाळला गेला आणि डेडवुड चक्क बेकायदा वसाहत म्हणून उभं राहिलं. 1980 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भरपाईपोटी दहा कोटी डॉलरहून अधिक रक्कम देऊ केली, ती लाकोटांनी आजतागायत घेतलेली नाही. त्यांना पैसे नकोत, पहा सापा, म्हणजे हे डोंगरच परत हवे आहेत. मेन स्ट्रीटवर काउबॉय टोप्या विकणाऱ्या दुकानांत हा भाग फारसा कानावर येत नाही, म्हणून इथे सांगितला.

डेडवुडची कीर्ती मुख्यतः एका खुनावर उभी आहे. 2 ऑगस्ट 1876 रोजी वाइल्ड बिल हिकॉक हा नामांकित बंदूकबाज पत्ते खेळत बसला असताना जॅक मकॉलने त्याच्या डोक्यात मागून गोळी घातली. हिकॉकच्या हातात एक्के आणि अठ्ठे होते अशी आख्यायिका आहे, आणि ती जोडी आजही ‘डेड मॅन्स हँड’ म्हणून ओळखली जाते. पुढची गोष्ट जास्त मजेची. खाणकामगारांच्या पंचांनी मकॉलला निर्दोष सोडलं. पण गावच बेकायदा, तर तिथल्या कोर्टाला कोण विचारतो? तेव्हाच्या डकोटा प्रदेशाच्या राजधानीत, यँक्टनला, दुसऱ्यांदा खटला चालला आणि मार्च 1877 मध्ये मकॉल फासावर गेला. उन्हाळ्यात हा खटला डेडवुडमध्ये नाटक म्हणून रंगतो, प्रेक्षकांनाही त्यात ओढतात. रस्त्यावर गोळीबाराचे खोटे प्रसंग होतात ते वेगळेच. मुलं जाम खूश होतात. मोठ्यांनी एकदा बघावं, दुसऱ्यांदा आइस्क्रीम खात बाजूला उभं राहावं.

सलून नंबर टेनमध्ये मात्र एकदा डोकवाच. जमिनीवर लाकडाचा भुसा टाकलेला, भिंती जुन्या फोटोंनी आणि पेंढा भरलेल्या प्राण्यांनी खच्चून भरलेल्या, आणि दाराच्या वर काचेआड एक खुर्ची. हिकॉक मेला तेव्हा याच खुर्चीत बसला होता, असा त्यांचा दावा. खून ज्या सलूनमध्ये झाला ते हे नव्हेच. ते याच रस्त्यावर जरा पुढे होतं आणि 1879 च्या मोठ्या आगीत गेलं. तरी लोक मान वर करून फोटो काढतात, आणि तुम्हीही काढाल.

माउंट मोरायाचं कब्रस्तान गावाच्या डोक्यावर आहे, चढ दम काढणारा. हिकॉक आणि त्या काळची गाजलेली धाडसी बाई कॅलॅमिटी जेन शेजारीशेजारी पुरलेले आहेत. खाली गावात गर्दीचा कलकलाट आणि इथे पाइनच्या झाडांखाली पाटी वाचत हिंडणारी चार माणसं, हा फरक मला तरी डेडवुडमधला सगळ्यात चांगला अनुभव वाटतो. गावचा पहिला शेरीफ सेथ बुलक अजून वर, एकटाच आहे. तिथपर्यंत बहुतेक जण जात नाहीत. गुडघे धडधाकट असतील तर जा.

1989 च्या नोव्हेंबरमध्ये डेडवुडने जुगार कायदेशीर केला. नेवाडा आणि अटलांटिक सिटीनंतर अमेरिकेत असं करणारं हे पहिलंच गाव. जुगाराच्या उत्पन्नातला वाटा जुन्या इमारतींच्या डागडुजीला जातो, म्हणून मेन स्ट्रीट इतका टुकटुकीत दिसतो. त्याची दुसरी बाजू अशी की जवळजवळ प्रत्येक देखण्या जुन्या दारामागे स्लॉट मशीन किणकिणत असतं. एकवीस वर्षांखालच्यांना खेळायला बंदी आहे, त्यामुळे मुलं बरोबर असली की संध्याकाळी एक पालक आत आणि एक बाहेर अशी विभागणी होते. कोण बाहेर थांबणार हे घरूनच ठरवून निघा.

आता लीड. डेडवुडहून वर चढत गेलं की सातेकशे फुटांनी उंची वाढते आणि रस्ता एका अजस्र खड्ड्याच्या काठाशी येतो. हा ओपन कट, वरून उघडी खोदलेली सोन्याची खाण. सुमारे साडेबाराशे फूट खोल, आणि गावाचा जुना मेन स्ट्रीट याच्याच पोटात गेलेला. सॅन फ्रान्सिस्कोच्या जॉर्ज हर्स्टने 1877 मध्ये होमस्टेक नावाचा हा खाणपट्टा सत्तर हजार डॉलरला घेतला. खाण सव्वाशे वर्षं चालली, आठ हजार फूट खोल गेली आणि चार कोटी औंसांच्या आसपास सोनं देऊन 2002 मध्ये बंद झाली. डेडवुडच्या ओढ्यातलं वरवरचं सोनं फार टिकलं नाही. खरा पैसा इथे निघाला आणि तो सॅन फ्रान्सिस्कोला गेला. हर्स्टच्या मुलाचं वृत्तपत्रांचं साम्राज्य याच घराण्याच्या खाणीच्या पैशावर उभं राहिलं.

लीडला कसिनोंची झगमग नाही, पण तिथे आहे ते मला जास्त भावतं. याच खाणीत 4850 फूट खोलीवर रे डेव्हिस या शास्त्रज्ञांनी ड्राय क्लीनिंगच्या रसायनाने भरलेली टाकी ठेवून सूर्यावरून येणारे न्यूट्रिनो, म्हणजे जवळजवळ कशातूनही आरपार जाणारे अतिसूक्ष्म कण, मोजले, आणि 2002 मध्ये, म्हणजे खाण बंद झाली त्याच वर्षी, त्यांना नोबेल मिळालं. आज तिथे सॅनफोर्ड भूमिगत प्रयोगशाळा आहे. डार्क मॅटरच्या, म्हणजे विश्वातल्या न दिसणाऱ्या द्रव्याच्या, शोधासाठी दहा टन द्रव झेनॉन खाली नेऊन ठेवलाय आणि 1300 किलोमीटरवरच्या फर्मीलॅब या प्रयोगशाळेतून सोडले जाणारे न्यूट्रिनो पकडायला प्रचंड दालनं खोदली आहेत. कोलारच्या सोन्याच्या खाणीत मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 1965 मध्ये वातावरणात तयार होणारे न्यूट्रिनो टिपले होते, त्यामुळे मराठी माणसाला हे प्रकरण अगदीच परकं वाटू नये. पर्यटकांना खाली सोडत नाहीत. वरच्या व्हिजिटर सेंटरमधलं प्रदर्शन मात्र छान आहे, आणि उन्हाळ्यातल्या ट्रॉली टूरमध्ये होइस्ट रूम, म्हणजे खाणीचे पाळणे वरखाली करणारी यंत्रं असलेली खोली, दाखवतात. तिथे दोरखंड गुंडाळणारे पोलादी ढोल आहेत, दोन मजली घराएवढे. त्यांच्यापुढे उभं राहिल्यावर एक मैल खोल म्हणजे काय हे आकड्यांपेक्षा चटकन कळतं.

करमणुकीत लीडचं एकच मोठं नाव, होमस्टेक ऑपेरा हाउस. 1914 मध्ये खाण कंपनीने कामगारांसाठी बांधलं, नाटकगृहाबरोबर वाचनालय, पोहण्याचा तलाव आणि बोलिंगही एकाच छपराखाली. 1984 च्या आगीने छप्पर खाल्लं आणि दुरुस्ती अजून टप्प्याटप्प्याने चालू आहे. आतल्या भिंतींवर जळक्या खुणा दिसतात आणि त्यांच्या साक्षीनेच गाणं, नाटक होतं. तुमच्या तारखांना कार्यक्रम असेल तर तिकीट काढाच. नसेल तर लीडमध्ये रात्री नऊनंतर रस्त्यावर चिटपाखरू नसतं. मोठ्या कॉन्सर्टसाठी डेडवुडच. तिथलं डेडवुड माउंटन ग्रँड होमस्टेकच्या जुन्या स्लाइम प्लांटमध्ये आहे. दळलेल्या खनिजाच्या गाळातून सायनाइडने सोनं काढायचा तो कारखाना. आता त्या भिंतींच्या आत कंट्री म्युझिक वाजतं, शेजारी कसिनो, वर हॉटेल.

गोल्फच्या बाबतीत अपेक्षा जरा आवरा. दोन्ही गावांच्या जवळची मैदानं नऊ होलची आहेत. डेडवुडच्या दक्षिणेला 385 हायवेलगत टॉमहॉक लेक कंट्री क्लब आणि लीडच्या पलीकडे डोंगरात लीड कंट्री क्लब. अठरा खेळायचे तर तेच नऊ दोनदा. पाइनच्या रांगांमधून गेलेल्या अरुंद पट्ट्या, चढउतार, मध्येच हरणं. ज्याला ताकदीने मारायची सवय आहे तो इथे चेंडू झाडांना वाहून घरी जाईल, ज्याला सरळ मारता येतं त्याची चंगळ. हवा विरळ असल्याने चेंडू जरा लांब जातो. पाच हजार फुटांवर साधारण सहा टक्के धरा, म्हणजे सात नंबरच्या आयर्नऐवजी आठ नंबर काढला तरी चालतो. जून-जुलैत दुपारनंतर ढग अचानक जमतात, विजा आणि कधी गाराही. टी टाइम, म्हणजे खेळ सुरू करायची वेळ, सकाळचीच घ्या.

अठरा होलचं प्रशस्त मैदान हवंच असेल तर खाली स्पिअरफिशजवळ एल्कहॉर्न रिज आहे, डेडवुडहून वीसेक मिनिटं. तिथे मोकळं माळरान आणि पाठीमागे डोंगर. खरं सांगायचं तर गोल्फसाठीच दोन-तीन दिवस काढणार असाल तर स्पिअरफिशच बरं, डेडवुड-लीड संध्याकाळी करा. पण एखादीच सकाळ खेळायची आणि बाकी वेळ घरच्यांना द्यायचा असेल, तर टॉमहॉकची ती छोटी फेरी पुरते. दुपारच्या जेवणाला परत गावात.

जेवणाचं गणित शाकाहारी माणसाला जड जातं. दोन्हीकडे बाइसनचं बर्गर, स्टेक, प्राइम रिब आणि तळलेल्या मांसाच्या तुकड्यांचं चिझलिक हा साउथ डकोटाचा लाडका प्रकार. डेडवुडमध्ये पर्याय जास्त. सलून नंबर टेनच्या वरच्या मजल्यावर सोशल क्लब आहे, तिथे पास्ता बरा मिळतो, आणि कसिनोंच्या बफेमध्ये सॅलड, बटाटे, भाज्यांवर निभावतं. लीडमध्ये खाणीच्या काळचं वळण टिकलेलं आहे, ताटं मोठी, दर डेडवुडपेक्षा जरा हलके, आणि वाढणारी बाई तुम्ही कुठून आलात हे विचारल्याशिवाय सोडत नाही. लीडच्या पुढे चेयेन क्रॉसिंगला फ्राय ब्रेडवर रचलेला इंडियन टॅको मिळतो. मांस काढून फक्त घेवड्याचा मागितला तर खुशाल बनवून देतात. फ्राय ब्रेड पहिल्या घासाला भटुऱ्याची आठवण करून देतो. भारतीय जेवणावाचून अडत असेल तर वाटेत रॅपिड सिटीत उरकून घ्या, आणि तिथूनच दूध, दही, भाजी भरून आणा. लीडच्या आसपास टेरी पीक या डोंगराच्या पायथ्याला स्वयंपाकघर असलेली केबिनं भाड्याने मिळतात. आईबाबा बरोबर असतील तर हा मुद्दा एकटाच निर्णय ठरवायला पुरेसा आहे.

मग उतरायचं कुठे? एकच रात्र असेल तर डेडवुड, दुसरा विचार करू नका. मेन स्ट्रीटवरच्या जुन्या हॉटेलात खोली घ्या, गाडी एकदा पार्किंगला लावली की विसरून जा, सगळं चालत. खोल्या लहान असतात, जिने करकरतात आणि शनिवारी रात्री खालचा आवाज वर येतो. मित्रमंडळी मिळून निघाला असाल तरीही डेडवुड. दोन-तीन रात्री असतील आणि बरोबर मुलं किंवा ज्येष्ठ असतील, तर मी लीडला उतरेन. रात्री शांतता, सकाळी गोल्फ हाकेच्या अंतरावर, दुपारी व्हिजिटर सेंटर, आणि संध्याकाळी तीन मैल खाली उतरून डेडवुडचा तमाशा बघून परत वर. सायकल आणली असेल तर मिकेलसन ट्रेल डेडवुडहूनच सुरू होते, जुन्या रेल्वेच्या वाटेने 109 मैल. पूर्ण करायची कुणीही अपेक्षा ठेवत नाही.

हिवाळ्यात निवड उलटी फिरते. लीडला बर्फ भरपूर पडतो, टेरी पीकला स्कीइंग चालू असतं, गोल्फ अर्थातच बंद. स्की करणाऱ्यांनी लीड, बाकीच्यांनी डेडवुडमध्ये शेकोटीपाशी बसावं.

तारखांचं मात्र आधी बघा. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात डेडवुडमध्ये 1924 पासून चालत आलेला ‘डेज ऑफ 76’ हा रोडिओ, म्हणजे काउबॉयांच्या घोडे-बैलांवरच्या कसरतींचा मेळा, असतो, बघण्यासारखा, पण खोल्या फार आधी संपतात. त्यानंतर लगेच, ऑगस्टच्या सुरुवातीला, पंधरा मैलांच्या आतल्या स्टर्जिसला मोटारसायकलवाल्यांचा मेळा भरतो. लाखोंनी दुचाक्या या डोंगरात उतरतात, हॉटेलांचे दर आभाळाला भिडतात आणि लीडची शांतताही त्या दिवसांत हार्लेच्या धडधडीत बुडते. तेव्हा यायचंच असेल तर स्वतःची मोटारसायकल घेऊन या, नाहीतर सप्टेंबरचा लेबर डेचा आठवडा सरल्यावर निघा. तोवर ॲस्पन पिवळे व्हायला लागलेले असतात आणि टॉमहॉकला सकाळची वेळ आरामात मिळते.