एनव्हीडीएचा रिमोट ॲक्सेस: आठ महिने वापरल्यावर

मी पूर्ण अंध. नोकरी पुण्यात, पण आठवड्यातले चार दिवस काम साताऱ्यातल्या घरून. ऑफिसचं मशिन तिकडे चालू असतं, मी इथून चालवतो. डोळस सहकाऱ्यांना यात विशेष काही नाही. माझी गोची अशी की रिमोटच्या खिडकीत इकडे येतं ते नुसतं चित्र. त्यात बटणं असतात, मेनू असतात, पण माझ्या स्क्रीन रीडरच्या, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणाऱ्या एनव्हीडीए या प्रोग्रामच्या, लेखी ती एक मुकी चौकट. तो खिडकीचं नाव वाचतो आणि गप्प बसतो.

आधी विंडोजच्याच रिमोट डेस्कटॉपवर दिवस काढले. तिकडे एनव्हीडीए सुरू ठेवायचा, त्याचा आवाज इकडे मागवायचा. दोन एनव्हीडीए एकदम बोलायला लागतात म्हणून इकडच्याला इन्सर्ट-शिफ्ट-एस दाबून झोपवायचं. चालतं, पण बाण दाबल्यावर शब्द मागून रखडत येतो. नेट जरा डगमगलं की आवाज तुटतो. एकदा बिलाची रक्कम वाचताना ‘एकोण’ एवढंच ऐकू आलं, पुढचं गडप. साठ की सत्तर? चार वेळा मागे जाऊन ऐकलं.

एनव्हीडीए २०२५.१ पासून रिमोट ॲक्सेस आतच आला. त्याआधी हेच काम २०१५ पासून एक वेगळं ॲड-ऑन, म्हणजे एनव्हीडीएला वरून जोडायचा भाग, करत होतं. यात वायरीवरून ना चित्र येतं, ना आवाज. मी दाबलेल्या कळा तिकडे जातात, तिकडचा एनव्हीडीए जे बोलणार तो मजकूर इकडे येतो, आणि तो माझ्याच लॅपटॉपचा आवाज माझ्याच वेगात वाचतो. मोबाईलच्या हॉटस्पॉटवरही ‘एकोणसत्तर’ पूर्ण ऐकू येतं. दोन्हीकडे एकच ‘की’, म्हणजे जोडणीची गुप्त खूण, टाकायची. एकाने ताबा द्यायचा, दुसऱ्याने घ्यायचा. मग इन्सर्ट-ऑल्ट-टॅब दाबलं की मी पुण्यात, परत दाबलं की घरी. क्लिपबोर्डवरचा मजकूर पलीकडे ढकलता येतो, फाईल मात्र नाही. ती की पासवर्डसारखी जपायची, कारण ती ज्याच्याकडे, त्याच्याकडे मशिन.

आता रडगाणं. समोरच्या मशिनवर एनव्हीडीए हवाच. आमच्या एका क्लायंटच्या आयटीवाल्यांनी ‘बाहेरचं सॉफ्टवेअर टाकता येणार नाही’ म्हणून चार महिने लटकवलं. दोन मशिन जोडून देणारा मधला सर्व्हर बाहेरचा, हीदेखील त्यांची शंका, आणि ती अगदीच चुकीची नाही. तिथे आरडीॲक्सेस हे ॲड-ऑन सुचवून पाहिलं. ते बोलणं आणि ब्रेल रिमोट डेस्कटॉपच्या किंवा सिट्रिक्स या तसल्याच सॉफ्टवेअरच्या चालू जोडणीतूनच पाठवतं, तिसरा कुणी मध्ये नाही. पण तेही दोन्ही टोकांना लागतंच. जॉज या विकतच्या स्क्रीन रीडरमध्येही अशी सोय आहे, मात्र परवान्याचा खर्च आमच्या खात्याला झेपला नाही.

दुसरी अडचण माझ्याच चुकीने. सुरुवातीला ऑफिसच्या मशिनवर पोर्टेबल, म्हणजे इन्स्टॉल न करता चालणारा, एनव्हीडीए ठेवला होता. एक सॉफ्टवेअर टाकायला घेतलं आणि एकदम शांतता. मला वाटलं नेट गेलं. सहकाऱ्याला फोन लावला.
“अरे, इथे परवानगी विचारतंय. हो म्हणू का?”
“म्हण बाबा.”
विंडोजचा तो परवानगीचा पडदा इन्स्टॉल केलेल्या एनव्हीडीएलाच वाचता येतो, पोर्टेबलला नाही.

मग नीट इन्स्टॉल केला, तरी एका सोमवारी अपडेटनंतर मशिन परत सुरू झालं आणि लॉगइनच्या पडद्यावर अडकलं. एनव्हीडीए तिथे बोलत होता, पण माझ्याशी जोडला गेला नव्हता. आपोआप जोडण्याची सेटिंग मी केली होती. मात्र ‘सध्याची सेटिंग लॉगइनच्या वेळीही वापरा’ हे बटण दाबायचं राहिलं होतं. त्या दिवशी वॉचमनकाकांना तिसऱ्या मजल्यावर पाठवलं आणि फोनवरून एकेक अक्षर सांगत पासवर्ड टाकून घेतला. बटण दाबलं आणि दुपारी पासवर्डही बदलला.